पट्ट्यापट्ट्यांचे विमान

पूर्व आफ्रिकेत, विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेस, गवताळ प्रदेशाचा एक प्रचंड पट्टा आहे. उभे राहून पाहावे तर चहूंकडे गवतच गवत. मधूनच बाभळीच्या जातीचे एखादे छत्रीसारखे झाड, मधूनच करड्या खडकांची एखादी टेकडी, आणि तिच्यापलीकडे पुन्हा क्षितिजाला टेकलेले गवत. या भागात राहणाऱ्या मासाई नावाच्या पशुपालक लोकांच्या भाषेत 'अफाट पसरलेले मैदान' अशा अर्थाचा एक शब्द आहे. त्या शब्दावरूनच या प्रदेशाला सेरेंगेटी हे नाव पडले. आज हा प्रदेश टांझानिया या देशात मोडतो. परंतु ही हकीकत घडली तेव्हा, म्हणजे १९५७ ते १९५९ या वर्षांत, त्या देशास टांगानिका म्हणत असत व तेथे ब्रिटिशांचा अंमल होता.

सेरेंगेटीचे खरे वैभव म्हणजे तेथील वन्य पशू. सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ हे तर तेथे आहेतच; पण संख्येने सर्वांत मोठे कळप आहेत ते गवत खाणाऱ्या प्राण्यांचे. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे झेब्रे, आपल्याकडील चिंकाऱ्याच्या कुळातील गॅझेल हरणे आणि वाईल्डबीस्ट नावाचा एक मोठा कुरंग. वाईल्डबीस्टचे तोंड लांबट, शिंगे गाईसारखी बाकदार, मानेवर घोड्यासारखी आयाळ आणि पाठ मागे उतरती. दिसावयास हा प्राणी ओबडधोबड खरा. पण काळविटाप्रमाणे तोही कुरंगच आहे.

हे कळप एका जागी राहत नाहीत. पावसाळा सुरू झाला की ते आग्नेयेकडील उघड्या मैदानांवर उतरतात. तेथे कोवळे, आखूड गवत उगवलेले असते. तेथेच वाईल्डबीस्टच्या माद्या वितात. जन्मल्यावर काही मिनिटांतच वासरू उभे राहते आणि आईमागे धावू लागते. पाऊस संपून मैदाने सुकली की कळप पश्चिमेकडे आणि मग उत्तरेकडे निघतात. पुढचा पाऊस येताच ते पुन्हा परततात. पंढरीची वाट जशी वारकऱ्याला सांगावी लागत नाही, तशी ही वाटही त्या पशूंना कोणी सांगावी लागत नाही.

१९५१ साली सेरेंगेटी हे राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. नकाशावर त्याच्या सीमा आखल्या गेल्या. पुढे काही वर्षांतच सरकारपुढे एक पेच उभा राहिला. उद्यानाच्या पूर्व भागात मासाई लोक आपली गुरे चारीत असत. तो भाग उद्यानातून वगळावा आणि उरलेला तेवढा वन्य पशूंसाठी राखावा, असा विचार सुरू झाला. विचार वरवर पाहता सोपा होता. परंतु त्याच्या मुळाशी जो प्रश्न होता त्याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. या उद्यानात पशू आहेत तरी किती? आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात ते कोठे असतात? जो भाग वगळावयाचा, तेथेच जर कळप पावसाळाभर चरत असतील, तर उरलेल्या उद्यानाचा उपयोग काय? घराला कुंपण घालावे आणि विहीर मात्र कुंपणाबाहेर राहावी, तशातलीच ती गत झाली असती.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम एका पित्याने व त्याच्या मुलाने अंगावर घेतले.

पित्याचे नाव बेर्नहार्ड ग्झिमेक. त्यांचा जन्म १९०९ सालचा. ते जर्मनीतील पशुवैद्य. दुसऱ्या महायुद्धात फ्रँकफुर्ट शहरातील प्राणिसंग्रहालय बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झाले होते. १९४५ साली युद्ध संपले, त्याच वर्षी बेर्नहार्ड या संग्रहालयाचे संचालक झाले. अन्न नाही, पैसा नाही, बहुतेक प्राणी मेलेले, अशा अवस्थेतून त्यांनी ते संग्रहालय पुन्हा उभे केले. त्यांचा मुलगा मिखाएल हा १९३४ साली जन्मला. प्राण्यांच्या सहवासातच तो लहानाचा मोठा झाला. पित्याची प्राण्यांविषयीची ओढ त्याच्यात पुरेपूर उतरली होती. शिवाय चित्रपटाचा कॅमेरा त्याच्या हातात चांगला बसला होता.

दोघांनी मिळून आफ्रिकेत प्रवास केले होते. तेथील जंगले कशी झपाट्याने नाहीशी होत आहेत आणि पशूंना राहावयास जागा कशी उरत नाही, हे दाखविणारा एक चित्रपट त्यांनी तयार केला. १९५६ साली बर्लिनच्या चित्रपट-महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि त्यातून काही धनही हाती आले. ते धन स्वतःच्या सुखासाठी न वापरता ते टांगानिकातील राष्ट्रीय उद्यानाला द्यावे, त्यातून उद्यानासाठी अधिक जमीन घेता येईल, असे पितापुत्रांनी ठरविले. परंतु तेथील राष्ट्रीय उद्यानांच्या संचालकांनी त्यांना वेगळाच सल्ला दिला. जमिनीपेक्षा आधी माहिती हवी आहे. कळप किती आहेत व ते कोठून कोठे जातात, हे शोधून काढता आले तर अधिक उपयोग होईल, असे त्यांचे म्हणणे पडले.

सल्ला पटला. पण काम कसे करावयाचे? हजारो चौरस किलोमीटरांचा प्रदेश. त्यात रस्ते जवळजवळ नाहीतच. मोटारीने हिंडून मोजावे, तर एका टोकाची मोजणी संपेपर्यंत दुसऱ्या टोकाचे कळप कोठच्या कोठे निघून गेलेले असावयाचे. पायी मोजणे तर त्याहून अशक्य. तेव्हा एकच मार्ग उरला, तो आकाशाचा. पितापुत्रांनी एक लहान विमान विकत घेतले आणि दोघेही ते चालवावयास शिकले. पित्याचे वय त्या वेळी पन्नाशीच्या जवळ आले होते. त्या वयात विद्यार्थी होऊन नवी विद्या शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

ते विमान डॉर्निअर कंपनीने बांधलेले होते. त्याला एकच इंजिन होते. प्रवाशांना नेणाऱ्या मोठ्या विमानापुढे ते म्हणजे गरुडापुढे चिमणीच; तरीही या कामासाठी मोठ्या विमानापेक्षा ते सरस होते. त्याचे पंख खिडक्यांच्या वरच्या बाजूस बसविलेले असल्यामुळे आतून खाली पाहताना दृष्टीला अडथळा होत नसे. ते अगदी सावकाश उडू शकत असे. उतरावयास त्याला फरसबंद धावपट्टी लागत नसे. सपाट गवताचा एक लहानसा तुकडा मिळाला तरी पुरे. मिखाएल आणि त्याचे वडील यांनी या विमानाला झेब्र्यासारखे काळेपांढरे पट्टे रंगवून घेतले. त्याच्या नोंदणीच्या अक्षरांतही एक गंमत होती. देशाचे पहिले अक्षर सोडल्यास उरलेल्या अक्षरांचा जर्मन भाषेत 'बदक' असा शब्द होत असे. असे हे झेब्र्याच्या कातडीचे बदक १९५७ च्या डिसेंबर महिन्यात पितापुत्रांना घेऊन फ्रँकफुर्टहून आफ्रिकेकडे निघाले.

फ्रँकफुर्टपासून सेरेंगेटीचे अंतर सरळ रेषेत मोजले तरी सहा हजार किलोमीटरांहून अधिक भरते. लहान विमानाला एका झेपेत इतका पल्ला गाठता येत नाही. इंधन भरण्यासाठी वारंवार उतरावे लागते; हवामान बिघडले तर थांबावे लागते. मोठ्या विमानातील प्रवासी ढगांच्या वर बसून जातो व त्याला खालची पृथ्वी जेमतेम दिसते. लहान विमानातील माणसाला मात्र वाऱ्याचा प्रत्येक हिसका जाणवतो. एक जण विमान चालवीत असता दुसऱ्याने नकाशा मांडीवर घ्यावा, खालची नदी, टेकडी, किनारा ओळखावा आणि दिशा सांगावी, असे दोघांचे काम एकमेकांत गुंतलेले असते. अशा प्रवासात पिता आणि पुत्र हे नाते राहतेच. पण त्याच्या जोडीला सहकाऱ्याचे नातेही जुळते. आकाशात पित्याला पुत्रावर आणि पुत्राला पित्यावर सारखाच भरवसा ठेवावा लागतो.

वडील आणि मुले मिळून सहलीला जातात, नदीकाठी राहुटी ठोकतात, रानात चूल मांडतात, आणि चार दिवसांनी घरी परततात. त्या सहलीचा आनंद मोठा असतो. ग्झिमेक पितापुत्रांनाही तो आनंद मिळाला. उघड्या आकाशाखाली निजणे, पहाटे सिंहाची गर्जना ऐकणे, दारासमोरून चालणारे कळप पाहणे, हे सारे त्यांना लाभले. परंतु त्यांच्या या सहलीला एक कठीण काम जोडलेले होते.

उद्यानातील बनागी या ठिकाणाहून त्यांचे काम चाले. गणतीची रीत अशी होती: प्रथम नकाशावर सर्व प्रदेशाचे भाग पाडावयाचे. मग त्या भागांवरून विमान सरळ रेषेत, शेतात नांगराचे तास घालावे तसे, या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावयाचे आणि शेजारच्या पट्ट्यावरून परत आणावयाचे. एका खिडकीतून डावीकडचे प्राणी मोजावयाचे, दुसऱ्या खिडकीतून उजवीकडचे. विमान फार उंच नेले तर गॅझेलसारखे लहान प्राणी दिसत नाहीत. फार खाली आणले तर कळप उधळतात. रेषा थोडी चुकली तर काही कळप दोनदा मोजले जातात आणि काही मुळीच मोजले जात नाहीत.

यात पराक्रमाचा देखावा कोठेच नव्हता. तासन्‌तास खाली नजर लावून आकडे म्हणावयाचे आणि लिहावयाचे, इतकेच. उन्हाने तापलेल्या मैदानावरची हवा वर उसळते, तेव्हा लहान विमान गचके खाते. डोळे शिणतात. दहा झेब्रे मोजावेत तर त्यांच्यातच वाईल्डबीस्ट मिसळलेले. कळप थांबलेला असेल तर ठीक, धावत असेल तर कठीण. तरीही काम चुकवून चालत नव्हते. कारण एखाद्या दिवसाचा आळस साऱ्या गणतीला खोटे पाडू शकला असता.

गणती पुरी झाली तेव्हा सर्व मोठ्या पशूंची बेरीज सुमारे ३ लाख ६६ हजार भरली. त्यात वाईल्डबीस्ट सुमारे ९९ हजार, झेब्रे सुमारे ५७ हजार आणि गॅझेल हरणे सुमारे १ लाख ९४ हजार होती. यापूर्वी लोक केवळ अंदाज बोलत असत. अंदाजाच्या जागी आता मोजलेला आकडा आला.

संख्या कळली, पण कळप जातात कोठे, हे कळावयाचे होते. त्यासाठी पितापुत्रांनी काही प्राण्यांना पकडून त्यांच्या गळ्यात रंगीत पट्टे बांधले आणि त्यांना पुन्हा कळपात सोडून दिले. पुढे विमानातून हिंडताना तो रंग दिसला की त्या कळपाची वाट नकाशावर नोंदता येई. निरनिराळ्या ठिकाणचे गवत व माती गोळा करून तीही तपासण्यात आली. तेव्हा दिसून आले की, कळप वाट फुटेल तिकडे भटकत नाहीत. ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेल्या मैदानांवरचे आखूड गवत अधिक सकस असते. त्याच्यासाठीच ते तेथे येतात. नकाशावर वाटा उमटू लागल्या, तसतशी एक गोष्ट स्पष्ट झाली. उद्यानाची जी नवी सीमा आखली जाणार होती, तिच्या बाहेरच कळपांचा वर्षातील बराच काळ जात होता.

हे सारे पाहत असताना मिखाएलचा कॅमेराही चालू होता. आकडे सरकारसाठी हवे होते. चित्रे लोकांसाठी हवी होती. आकाशातून दिसणारे कळपांचे लोट, चोरट्या शिकाऱ्यांनी लावलेले तारेचे फास, त्या फासांत अडकलेले प्राणी, हे सारे तो टिपून ठेवीत होता.

१० जानेवारी १९५९ हा दिवस उजाडला. त्या दिवशी मिखाएल एकटाच विमान घेऊन उडाला होता. सेरेंगेटीच्या आकाशात गिधाडे फार. त्यांच्या पंखांचा विस्तार अडीच मीटरांपर्यंत असतो आणि तापलेल्या हवेच्या आधाराने ती फार उंच घिरट्या घालतात. असेच एक गिधाड विमानाच्या पंखावर आदळले. त्या आघाताने विमानाला वळविणाऱ्या तारा अडकून पडल्या, विमान खाली कोसळले आणि मिखाएल जागच्या जागी मरण पावला. त्याचे वय त्या वेळी अवघे चोवीस वर्षांचे होते. ज्या पशुपक्ष्यांच्या रक्षणासाठी तो तेथे आला होता, त्यांच्यापैकीच एकाची आणि त्याची ही गाठ. त्यात दोष ना त्या पक्ष्याचा, ना त्याचा.

सेरेंगेटीच्या पूर्वेस गोरोंगोरो नावाचा एक विझलेला ज्वालामुखी आहे. त्याचे मुख सुमारे १९ किलोमीटर रुंद व ६०० मीटर खोल आहे आणि त्याच्या तळाशी कुरणे, सरोवर व असंख्य पशू आहेत. या ज्वालामुखीच्या कडेवर, जेथून ते सारे खोरे दृष्टीस पडते अशा ठिकाणी, मिखाएलचा देह मातीत ठेवण्यात आला. त्याच्याजवळ जे जे होते ते सर्व, स्वतःच्या प्राणासह, त्याने आफ्रिकेच्या वन्य पशूंसाठी दिले, अशा आशयाचे शब्द तेथील दगडावर कोरलेले आहेत.

पुत्रशोकासारखे दुःख नाही. बेर्नहार्ड यांच्यावर तर दुहेरी घाव पडला. पुत्र गेला आणि सहकारीही गेला. काम अर्धवट होते. चित्रपट पुरा व्हावयाचा होता, ग्रंथ लिहावयाचा होता, नकाशे व आकडे लोकांपुढे मांडावयाचे होते. त्या क्षणी ते सारे सोडून घरी परतले असते, तर कोणीही त्यांना नावे ठेवली नसती. परंतु त्यांनी तसे केले नाही. दोघांनी मिळून जे हाती घेतले होते ते त्यांनी एकट्याने तडीस नेले.

त्याच वर्षी, १९५९ साली, चित्रपट व ग्रंथ दोन्ही प्रसिद्ध झाले. दोहोंचे नाव एकच, आणि त्याचा अर्थ 'सेरेंगेटी मरता कामा नये' असा होता. ग्रंथाची अनेक भाषांत भाषांतरे झाली. १९६० साली त्या चित्रपटाला उत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. ज्यांनी आफ्रिका कधी पाहिली नव्हती, अशा लक्षावधी लोकांना सेरेंगेटीचे नाव ठाऊक झाले.

परंतु या हकीकतीत सारे काही मनासारखे झाले असे नाही. सरकारने १९५९ साली उद्यानाचा पूर्व भाग वगळलाच. उत्तरेकडील कळपांच्या वाटेवरचा नवा प्रदेश मात्र उद्यानाला जोडण्यात आला. वगळलेल्या गोरोंगोरो भागाचे एक वेगळे संरक्षित क्षेत्र झाले; तेथे मासाई लोकांची गुरे आणि वन्य पशू या दोघांनीही राहावे असे ठरले. सेरेंगेटीच्या आत राहणाऱ्या मासाई कुटुंबांना मात्र आपली जुनी कुरणे सोडून जावे लागले. उद्यानात माणसाने वस्ती करूच नये, असे बेर्नहार्ड यांचे मत होते. आज अनेक विचारवंतांना ते मत पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी त्या भूमीवर पशूंच्या शेजारी संसार केला, त्यांचा त्या भूमीवरचा हक्क कसा विसरावा, असे ते विचारतात. हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. पशूंविषयीची कळवळ आणि माणसांना द्यावयाचा न्याय या दोहोंचा मेळ घालणे, हे काम पुढील पिढ्यांकडे आलेले आहे.

त्यांच्या गणतीतही एक उणीव पुढे दिसून आली. १९६१ साली विमानातून छायाचित्रे घेऊन वाईल्डबीस्टची पुन्हा मोजणी झाली, तेव्हा आकडा सुमारे २ लाख ६० हजारांवर गेला. वाईल्डबीस्टची मादी वर्षाला एकाच वासराला जन्म देते. तेव्हा तीन वर्षांत ९९ हजारांचे इतके होणे शक्य नाही. याचा अर्थ, पहिल्या गणतीत बरेच प्राणी नजरेतून सुटले होते. पण म्हणून ती गणती व्यर्थ ठरत नाही. कोणीतरी पहिला आकडा मांडावा लागतो. तेव्हाच दुसऱ्याला तो तपासता येतो आणि सुधारता येतो. शास्त्राची वाटचाल अशीच होते.

पुढे वाईल्डबीस्टची संख्या खरोखरीच वाढली. त्याचे कारण मोठे नवलाचे आहे. आपल्या शेतकऱ्यांना बुळकांडी हा गुरांचा भयंकर रोग पूर्वी चांगलाच परिचित होता. हाच रोग १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत शिरला आणि त्याने गुरांबरोबर वाईल्डबीस्टचेही कळपच्या कळप मारले. पुढे उद्यानाभोवतीच्या गुरांना या रोगाची लस टोचण्यात आली. गुरे रोगमुक्त झाली, तशी १९६३ च्या सुमारास वाईल्डबीस्टही रोगमुक्त झाली आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांची संख्या १३ लाखांच्या आसपास गेली. २०११ साली बुळकांडी साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. अलीकडे उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांवरून संगणकाच्या साहाय्याने वाईल्डबीस्ट मोजण्याचा प्रयत्न झाला. २०२२ व २०२३ सालच्या चित्रांवरून आलेला आकडा सहा लाखांहून कमी होता. खरा आकडा कोणता, याचा शोध शास्त्रज्ञ अजून घेत आहेत. म्हणजे पितापुत्रांनी सुरू केलेली मोजणी आजही थांबलेली नाही.

मिखाएलच्या स्मरणार्थ बनागी येथे एक प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे सेरेंगेटीच्या अभ्यासाचे मोठे केंद्र निर्माण झाले. १९८१ साली सेरेंगेटीची गणना जागतिक वारशात झाली. बेर्नहार्ड हे पुढेही अनेक वर्षे दूरचित्रवाणीवरून, ग्रंथांतून व भाषणांतून वन्य पशूंची बाजू मांडीत राहिले. १३ मार्च १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी आफ्रिकेत नेण्यात आल्या आणि गोरोंगोरोच्या कडेवर, पुत्राच्या शेजारीच, त्यांना विसावा मिळाला. खाली खोऱ्यात झेब्रे आणि वाईल्डबीस्ट पूर्वीप्रमाणेच चरत असतात.

एखाद्या गोष्टीवर आपले प्रेम आहे असे म्हणणे सोपे असते. त्या प्रेमापोटी ती गोष्ट नीट पाहणे, मोजणे, समजून घेणे आणि त्यासाठी कंटाळवाणे काम दिवसचे दिवस करीत राहणे हे कठीण असते. ग्झिमेक पितापुत्रांनी हे कठीण काम केले. एकाचा हात मध्येच सुटला, तेव्हा दुसऱ्याने दोघांचे ओझे उचलले. सेरेंगेटीचे कळप आजही पावसामागून चालत असतात, त्यात या दोघांच्या कष्टांचाही वाटा आहे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोनतीन वाक्यांत लिहा.
(अ) सेरेंगेटी हे नाव कशावरून पडले?
(आ) वन्य पशूंची गणती मोटारीने किंवा पायी करणे का शक्य नव्हते?
(इ) प्राण्यांच्या गळ्यात रंगीत पट्टे बांधण्याचा हेतू काय होता?

२. कारणे द्या.
(अ) या कामासाठी मोठ्या विमानापेक्षा लहान विमान अधिक सोयीचे होते.
(आ) १९५८ च्या गणतीत बरेच वाईल्डबीस्ट सुटले असावेत असे शास्त्रज्ञांना वाटले.
(इ) उद्यानाभोवतीच्या गुरांना लस टोचल्यावर वाईल्डबीस्टची संख्या वाढली.

३. 'घराला कुंपण घालावे आणि विहीर मात्र कुंपणाबाहेर राहावी' हा दृष्टान्त पाठात कशासाठी दिला आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: अंगावर घेणे, तडीस नेणे, नावे ठेवणे, वाट फुटेल तिकडे भटकणे.

५. वर्गात चर्चा करा: वन्य पशूंसाठी जागा राखताना तेथे पूर्वीपासून राहणाऱ्या लोकांचा विचार कसा करावा?

६. उपक्रम: एका मोठ्या कागदावर सारख्या आकाराचे शंभर चौकोन आखा व त्यावर ज्वारीचे मूठभर दाणे विखरून टाका. कोणत्याही दहा चौकोनांतील दाणे मोजा आणि त्यावरून सर्व दाण्यांची संख्या काढा. नंतर सर्व दाणे प्रत्यक्ष मोजून पाहा. दोन्ही आकड्यांत किती फरक पडला? तो का पडला असेल?